पेलिकनचा रकाना

डिसेंबर २०२३मध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीतल्या तेलगळतीचा फटका बसलेल्यांसाठी मदत जाहीर केली. थेट फटका बसलेल्या २,३०१ मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये, ७८७ बोटींसाठी प्रत्येकी १०,००० आणि परिसरातल्या आणखी ६,७०० कुटुंबांना प्रत्येकी ७,५०० रुपये. गुणाकार करून बेरीज मांडली की ८ कोटी ६८ लाख ८२ हजार ५०० रुपये होतात. सरकारने सांगितलेली रक्कमही ८.६८ कोटींचीच. कागदपत्रांत रमणाऱ्या माणसाला असा जुळणारा हिशेब दिसला की बरे वाटते. निदान हा एक कागद तरी सरळ आहे.

त्याच दिवसांत एन्नोरहून पेलिकन पक्ष्यांची छायाचित्रे येत होती. राखी-पांढऱ्या अंगावर छातीपासून पोटापर्यंत तेलाचा काळपट थर, आणि बोटीच्या काठावर बसून चोचीने तो थर काढायची त्यांची धडपड. भरपाईच्या यादीत हे पक्षी नव्हते, आणि त्यात नवल काही नाही. पेलिकनला रेशनकार्ड नसते. पण मग तो कुठल्या कागदात आहे? एन्नोरच्या खाडीवर गेल्या साठ वर्षांत कागदांचा डोंगर झाला आहे: नकाशे, परवाने, सांडपाण्याची मानके, प्रयोगशाळांचे तक्ते, हरित न्यायाधिकरणाचे आदेश. सांडपाण्यामुळे इथल्या पक्ष्याला, माशाला, खेकड्याला किती धोका आहे, याचे उत्तर या डोंगरातून काढता येते का, ते पाहायचे आहे.

काढायची रीत आपल्याला नवी नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक इतिहासकार राजवाड्यांच्या पिढीने आपल्याला शिकवला. बखर मागाहून लिहिली जाते आणि पुष्कळदा कुणाची तरी बाजू सावरते. पत्र त्या दिवशीच्या गरजेपोटी लिहिले जाते, म्हणून नकळत खरे बोलून जाते. एन्नोरपुरते सांगायचे तर प्रसिद्धीपत्रके आणि कंपन्यांचे खुलासे ही बखर. नकाशे, मानके, मासळीच्या यकृतातल्या धातूंचे तक्ते आणि भरपाईच्या याद्या ही पत्रे.

आधी जागा. चेन्नईच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोरची खाडी आहे. खाडीचे पाणी उत्तरेकडे खाजणांतून थेट पुलिकत सरोवरापर्यंत जाते. दक्षिणेकडून तिला बकिंगहॅम कालवा येऊन मिळतो. या कालव्याचा मद्रास ते एन्नोर हा पहिला टप्पा १८०६चा, बेसिल कॉक्रेन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या खटपटीतून झालेला. १८३७मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळात उपाशी मजुरांच्या हातांनी त्याचे पुढचे काम झाले आणि १८७८मध्ये त्याला तेव्हाच्या गव्हर्नराचे, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचे, नाव मिळाले. होड्यांतून मीठ आणि सरपण वाहण्यासाठी खोदलेला हा कालवा विसाव्या शतकात शहराचा आणि कारखान्यांचा नाला झाला. पण नाल्याला उतार असतो. इथे भरती-ओहोटी चालते, त्यामुळे घाण एकदा वाहून गेली आणि सुटलो असे होत नाही. ती जाते, परत येते, आणि येता-जाता गाळात बसते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो, कारण तो कुठल्याही औद्योगिक पट्ट्याचा असतो तसाच आहे. १९६०च्या दशकात एन्नोरला खत कारखाना आला. मद्रास रिफायनरीज १९६५मध्ये स्थापन झाली आणि १९६९मध्ये मणलीला तेल शुद्ध होऊ लागले. आजची चेन्नई पेट्रोलियम कॉर्पोरेशन ती हीच. १९७०मध्ये एन्नोरचे औष्णिक वीज केंद्र, नव्वदच्या दशकात उत्तर चेन्नई औष्णिक केंद्र, २००१मध्ये बंदर, मग वल्लूरचे आणखी एक वीज केंद्र. ४५० मेगावॅटचे जुने एन्नोर केंद्र २०१७मध्ये बंद पडले, पण तोवर खाडीच्या दोन्ही अंगांना कोळसा, राख, तेल आणि खत यांनी ठाण मांडले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशभरातल्या औद्योगिक परिसरांना गुण दिले, तेव्हा मणलीला ७६.३२ मिळाले. सत्तरच्या वर गेले की परिसर ‘अतिगंभीर प्रदूषित’. आपल्या डोंबिवलीला त्याच यादीत ७८.४१ होते, म्हणजे मराठी वाचकाने मणलीकडे फार लांबून पाहायचे कारण नाही.

आता पहिला महत्त्वाचा कागद: नकाशा. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेनंतर प्रत्येक राज्याने किनारपट्टीचा आराखडा करायचा होता. तमिळनाडूचा आराखडा १९९६मध्ये केंद्राने मंजूर केला. त्यात एन्नोरची खाडी पहिल्या वर्गात, म्हणजे ज्या भागात जवळजवळ काहीच बांधता येत नाही अशा संरक्षित भागात, दाखवली होती. खाडी वाचवण्यासाठी झगडणाऱ्यांच्या हिशेबाने हे क्षेत्र साडेसहा हजार एकरांच्या आसपास भरते. २०१७मध्ये माहितीच्या अधिकारात दोन ठिकाणांहून कागद आले. केंद्रीय मंत्रालयाकडून आलेल्या १९९६च्या नकाशात खाडी होती. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडून आलेल्या नकाशात ती गायब होती. पाण्याच्या जागी नुसती जमीन. खाडीच्या भरतीवर मच्छीमार कोळंबी धरत होते आणि कागदावर तिथे पाणीच नव्हते.

हा घोटाळा जमिनीचा म्हणून गाजला, आणि ते बरोबरच होते. पण सांडपाण्याच्या प्रश्नात त्याचा वेगळा अर्थ निघतो. धोका मोजताना पहिला प्रश्न विचारतात: घाण जिथे पोहोचते तिथे राहते कोण? नकाशात पाणथळ नसेल तर तिथे राहणारेही नसतात, आणि राहणारे नसतील तर धोका शून्य. नकाशातली एक निळी छटा पुसली की पुढचे सगळे गणित आपोआप निर्दोष होते. त्याच वर्षी जानेवारीत गायक टी. एम. कृष्णा यांनी एन्नोरच्या राखेत उभे राहून ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ गायले. कर्नाटक संगीताच्या रसिकांपैकी बऱ्याच जणांनी या खाडीचे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले असेल. एका गाण्याला जे साधले ते आराखड्याला साधले नाही, हे आराखडे करणाऱ्यांनी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

दुसरा कागद मानकांचा. पर्यावरण संरक्षण नियमांखाली मे १९९३मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानके निघाली. तक्ता रुक्ष आहे. समुद्रकिनारी सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत, पारा ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत, असे एकेका पदार्थाचे आकडे. या सगळ्या रसायनांत एका ओळीत अचानक एक जिवंत प्राणी भेटतो. जैव-चाचणी: निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले की पाणी पास.

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. ज्याने ती लिहिली त्याचा हेतू चांगला होता. आकडे कमी पडतात आणि मासा खोटे बोलत नाही, हे त्याला कळत होते. पण मुदत चार दिवसांची. माशाने अंडी घातली का, त्याच्या अंगात काय साठले, त्याला कुणी खाल्ले आणि खाणाऱ्याचे काय झाले, हे चार दिवसांत कळत नाही. शिवाय चाचणी एका नळाच्या पाण्याची. खाडीत दहा नळ येतात. औष्णिक केंद्रांच्या गरम पाण्यासाठी वेगळा नियम आहे: समुद्राचे पाणी वापरणाऱ्या केंद्राने ते परत सोडताना ते आसपासच्या पाण्यापेक्षा सात अंशांहून जास्त गरम असता कामा नये. खत कारखान्याच्या अमोनियाला आणखी वेगळा. आता पाणी जितके गरम आणि अल्कलीधर्मी, तितका त्यातल्या अमोनियाचा विषारी, अनायनित हिस्सा वाढतो. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी ओढतो. प्रत्येक नळ आपापल्या मर्यादेत, प्रत्येक दाखला स्वच्छ, आणि खाडीतला मासा मात्र या सगळ्यांच्या बेरजेत. ती बेरीज करणारा कागद मानकांत नाही.

तिसऱ्या प्रकारचे कागद शास्त्रज्ञांचे. मद्रासच्या मचूळ पाण्यातल्या जीवसृष्टीवरचा पाया घालणारा निबंध एन. के. पणिक्कर आणि आर. गोपाल अय्यर यांनी १९३७मध्ये प्रसिद्ध केला. कारखाने तेव्हा तीस वर्षे लांब होते. हेच पणिक्कर पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्यानंतर एन्नोरवरचे निबंध वाढत गेले ते प्रदूषणाबरोबर. १९९३मध्ये जोसेफ आणि श्रीवास्तव यांनी एन्नोरच्या खाडीतला आणि मद्रासच्या किनाऱ्यावरच्या मासळीतला पारा मोजला. २००५मध्ये जयप्रकाश आणि सहकाऱ्यांनी खाडीच्या पाण्यातल्या धातूंचा अभ्यास छापला, तो ‘पायाभूत’ म्हणून. रिफायनरी चालू होऊन तेव्हा ३६ वर्षे झाली होती. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही, कुठून तरी मोजायला सुरुवात करावीच लागते. पण पुढे जो कोणी ‘पूर्वीपेक्षा किती बिघडले’ असे विचारील, त्याला जो पूर्वकाळ मिळेल तो आधीच बिघडलेला असेल, हे लक्षात ठेवले पाहिजे.

माझ्या मते या ढिगातला सर्वांत बोलका कागद उत्तर चेन्नईच्या भारती महिला महाविद्यालयातून निघाला. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या ई. पद्मिनी आणि बी. विजया गीता यांनी २००७च्या सुमारास एन्नोरची बोय मासळी तपासायला घेतली. तुलनेला चेन्नईच्या दक्षिणेकडच्या, त्या मानाने स्वच्छ कोवळमच्या खाडीची बोय. एन्नोरच्या माशांत धातू जास्त साठलेले सापडले आणि प्रमाण ऋतूनुसार हलत होते. पुढच्या निबंधांत त्या दोघी माशाच्या यकृताच्या पेशींत शिरल्या: पेशींवरचा ताण, त्या ताणाला तोंड देण्यासाठी पेशी तयार करतात ती प्रथिने. मासा मेलेला नाही, पोहतो आहे, जाळ्यात सापडतो आहे, बाजारात विकला जातो आहे. पण त्याचे यकृत जादा पाळी करते आहे. ९६ तासांच्या चाचणीला जे दिसत नाही ते हे.

बोयच का, हेही पाहण्यासारखे आहे. बोय तळाशी चरते. गाळ तोंडात घेते, त्यातले शेवाळ आणि कुजके सेंद्रिय कण गिळते. म्हणजे पाण्यातून बसून गाळात गेलेला पारा, कॅडमियम, शिसे आणि राखेतले धातू पुन्हा वर उचलणारी पहिली कडी ती. आणि पेलिकन झोळी भरून खातो ती मासळी अशाच आकाराची. भारती महाविद्यालयाच्या तक्त्यात पेलिकन नाही, पण त्याचे जेवण आहे.

तेव्हा तो हिशेब आपणच करू. याची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आणि ओक रिज प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात घालून दिली आहे आणि ती त्रैराशिकाइतकी सोपी आहे: खाद्यातले विषाचे प्रमाण गुणिले रोजचे खाणे, भागिले अंगाचे वजन. जो डोस येईल तो, ज्या डोसाला इजा दिसते त्याच्या शेजारी ठेवायचा.

ठिपकेदार चोचीच्या पेलिकनचे वजन चार ते सहा किलो. मध्य धरून पाच किलो घेऊ आणि रोजची मासळी एक किलो मानू. म्हणजे तो रोज वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके खातो, आणि खातो ते फक्त मासे. आता मासळीत पारा किती धरायचा? एन्नोरचा एखादा भडक आकडा मुद्दामच घेत नाही. आपल्या अन्न नियमांनी माणसासाठी सुरक्षित ठरवलेली मिथाइल पाऱ्याची कमाल मर्यादा घेऊ: किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम. गुणाकार-भागाकार केला की पेलिकनचा डोस येतो वजनाच्या किलोमागे रोज ०.०५ मिलिग्रॅम. शेजारी ठेवायचा आकडा गॅरी हाइन्झ यांनी १९७९मध्ये छापलेल्या प्रयोगातला. त्यांनी मॅलार्ड बदकांच्या तीन पिढ्यांना मिथाइल पारा मिसळलेले खाद्य दिले. डोस होता किलोमागे रोज सुमारे ०.०६४ मिलिग्रॅम. बदके मेली नाहीत. पण माद्या घरट्याबाहेर जास्त अंडी घालू लागल्या आणि पिल्ले कमी झाली. इजा दिसते त्याच्या दहाव्या हिश्शाला निर्धोक पातळी मानण्याचा प्रघात आहे, म्हणजे ०.००६४.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. बाजारात कायद्याने उत्तीर्ण होणाऱ्या मासळीवर जगणारा पेलिकन निर्धोक पातळीच्या जवळपास आठपट डोस घेतो आणि इजेच्या पातळीच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे असतो. बदक आणि पेलिकन यांत फरक आहे, मासळी रोज काठोकाठ मर्यादेवर नसते, ही सगळी सूट द्यायलाच हवी. सूट देऊनही एक गोष्ट उरते. ‘मासळी खाण्यास योग्य’ हा शेरा माणसासाठी आहे. माणूस ताटात एक तुकडी घेतो आणि भाताबरोबर खातो. ज्या प्राण्याचे सगळे जेवणच खाडीतून येते, त्याच्यासाठी मर्यादा कितीतरी खाली हवी. त्यामुळे एन्नोरच्या मासळीचा अहवाल ‘मर्यादेत’ आला की पक्ष्यांची काळजी मिटली, असे जे गृहीत धरले जाते ते चुकीचे आहे. तेल हा त्यावरचा जादा भार.

हे कागदी गणित आहे, प्रत्यक्षात पक्ष्यांना काही होत नाही, असे म्हणणाऱ्यासाठी कॅलिफोर्नियाचा दाखला पुरे. लॉस एंजेलिसजवळ मॉन्ट्रोझ कंपनीचा डीडीटीचा कारखाना आपले सांडपाणी शहराच्या गटारात सोडत होता आणि गटार समुद्रात. डीडीटी गाळात, गाळातून माशांत, माशांतून तपकिरी पेलिकनांत गेले. अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनाखाली ती फुटत. १९७०मध्ये अनाकापा बेटावर पेलिकनांनी साडेपाचशेच्या वर घरटी केली आणि एक पिल्लू वाढले. तिथेही मोठे पक्षी मेले नव्हते, आकाशात थवे दिसतच होते. घरटी मोजणारे लोक होते म्हणून कळले. १९७२मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली.

आता तेलाकडे. एन्नोरच्या कागदांत वन्यजीव ठळकपणे येतो तो दोनदाच आणि दोन्ही वेळा तेलामुळे. पहिली वेळ २८ जानेवारी २०१७ची. पहाटे एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर ‘बीडब्ल्यू मेपल’ आणि ‘डॉन कांचीपुरम’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. बंदराच्या सुरुवातीच्या निवेदनात तेलगळती आणि पर्यावरणाची हानी झाली नसल्याचे म्हटले होते. ही बखर. अस्सल कागद म्हणजे पुढच्या दिवसांत किनाऱ्यावर बादल्यांनी तेल उपसणाऱ्या माणसांची छायाचित्रे. हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा होता.

दुसरी वेळ मिचौंग चक्रीवादळाची. ३ आणि ४ डिसेंबर २०२३ला चेन्नईत तुफान पाऊस झाला, मणलीत पाणी भरले आणि पुराबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यातून खाडीत उतरले. चेन्नई पेट्रोलियमने आपल्या वाहिन्यांतून गळती झाल्याचे सुरुवातीला नाकारले; राज्य प्रदूषण मंडळाच्या तपासणीत तेलाचा माग त्यांच्याच आवाराकडे गेला. हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेल सुमारे वीस चौरस किलोमीटरवर पसरल्याचे नोंदले गेले. काट्टुकुप्पम, ताळंकुप्पम, नेट्टुकुप्पम या वस्त्यांतली माणसे पाण्याचे मग आणि बादल्या घेऊन, हातमोजे असले तर घालून, तवंग गोळा करत होती. हा महिना एन्नोरला काही केल्या सोडेना: २६ डिसेंबरच्या रात्री खत कारखान्याच्या समुद्राखालच्या वाहिनीतून अमोनिया सुटला आणि चाळीसहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

तेल माखलेल्या पेलिकनांपैकी जे उडू शकत होते ते हाती लागणे शक्यच नव्हते. उडतो आहे म्हणजे ठीक आहे, असा समज होतो. पिसांचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे. तेलाने ती एकमेकांना चिकटली की अंग भिजते, ऊब जाते, आणि चोचीने साफ करताना तेल पोटात जाते. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. डिसेंबर हा या भागातल्या पेलिकनांच्या विणीचा काळ. उत्तरेला आंध्रात, पुलिकतच्या वरच्या अंगाला असलेले नेलपट्टू हे त्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक. पक्षी उबवायला बसतो तेव्हा छातीचे तेल अंड्याला लागते. पीटर अल्बर्स यांनी १९७०च्या दशकात मॅलार्डच्या अंड्यांवर इंधन तेलाचे थेंब टाकून पाहिले. पाच मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही एक अंश, आतल्या गर्भाला मारायला पुरला. एन्नोरचे नुकसान मोजायचे तर खाडीवर मेलेले पक्षी मोजून भागणार नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत घरट्यांतली न उबलेली अंडी मोजायला हवी होती.

तेल दिसते, म्हणून त्याचा गाजावाजा होतो. राख त्याहून चिवट. उत्तर चेन्नई केंद्राची राख पाण्यात कालवून वाहिन्यांतून सेप्पाक्कमच्या राखतलावाकडे जाते. त्या वाहिन्या कोसस्थलैयार ओलांडतात, आणि त्या फुटून राख खाडीत उतरत राहिल्याची तक्रार घेऊन मच्छीमार २०१६मध्ये हरित न्यायाधिकरणात गेले. राख तळाशी बसली की खाडी उथळ होते, कोळंबी आणि शिंपल्या ज्या मऊ गाळात राहतात त्यावर कडक थर चढतो. कमरेभर पाण्यात उभे राहून हातांनी कोळंबी चाचपणाऱ्या इरुळर आदिवासी बायकांना हा बदल कुठल्याही तक्त्याआधी बोटांना कळतो. गेल्या काही वर्षांत त्याच तळावर परदेशी काळ्या शिंपल्यांनी चटया अंथरल्या आहेत. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरची ही जात जहाजांत तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आली असावी. स्थानिक लोक तिला ‘काक्का आळी’ म्हणतात आणि तिच्याखाली त्यांच्या पिवळ्या शिंपल्या गुदमरल्या. थकलेल्या खाडीत उपरे जीव लवकर बस्तान बसवतात. सांडपाण्याच्या धोक्याचे हेही एक खाते आहे आणि कुठल्याच नळाच्या परवान्यात ते उघडलेले नाही.

मग निवाडा काय? कागद जसे आहेत तसे धरून मी इतके म्हणेन: एन्नोरच्या मासेखाऊ पक्ष्यांना असलेला खरा धोका अपघाताच्या तेलापेक्षा रोजच्या गाळातून येतो. वरचे तेल हळूहळू विरते किंवा उपसता येते. गाळातला पारा पिढ्यानुपिढ्या राहतो आणि बोयच्या तोंडून वर येत राहतो. आणि हा धोका दिसत नाही याचे कारण तो नाही हे नसून, मोजणारे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहेत हे आहे. पाण्याचे आकडे प्रदूषण मंडळाकडे, मासळीचे महाविद्यालयात, पक्ष्यांच्या नोंदी वन खात्याकडे, नकाशा दिल्लीला. जोडायला फार पैसा लागत नाही. अख्ख्या माशाचे, म्हणजे यकृत आणि काटे धरून, वर्षातून दोनदा विश्लेषण. घरट्यांतून मिळणारी न उबलेली अंडी आणि गळालेली पिसे यांतला पारा. आणि परवाना देताना एकेका नळाऐवजी सगळ्या खाडीची बेरीज. पक्षी मारावा लागत नाही. अंडे आणि पीस पुरेसे बोलतात.

हे सगळे मुंबईत बसून वाचणाऱ्यानेही आपल्या खाडीशी ताडून पाहावे. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई यांचा निबंध १९८१मध्येच छापून आला होता. खाडीच्या पूर्व काठावर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा तेव्हाही होता. २०१५मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, आणि दर हिवाळ्यात हजारो लोक ते गुलाबी थवे पाहायला बोटीने जातात. फ्लेमिंगो तर माशांच्याही खालच्या पायरीवर, चोच उलटी करून थेट चिखलपाणी गाळून खातो. त्याच्या डोसाचे गणित वर मांडले तसेच मांडता येते. फक्त मासळीच्या जागी गाळ आणि त्यातले शेवाळ घ्यायचे. त्यासाठी लागणारे गाळाचे आणि सांडपाण्याचे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मागता येतात. एन्नोरचा १९९६चा नकाशा अशाच अर्जाने बाहेर आला होता. माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. ज्यांना ठाण्याचे थवे आवडतात त्यांनी तेवढे खर्च करावेत.